मुनीमजींचा रंग

रिसोड,
१४ जून २०२५

साधना बेटा,

काल तुह्या फोनचा पुन्हा घोटाळा झाला. तू चिखलदऱ्याहून काय सांगून राह्यली होती, एक अक्षर मले समजलं नाही. माह्या कानाले आता फोन म्हणजे टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाटते. म्हणून लिहायले बसली. तू वनरक्षकाच्या ट्रेनिंगले गेली तेव्हापासून तुही खोली तशीच हाय. शेजारची दुर्गाबाई म्हनते, भाडेकरू ठेवा. मी ऐकू आलं नाही असं दाखवते. बहिरं असन्याचा तेवढा तरी फायदा पाहिजे.

काम असं हाय. मागच्या गल्लीत नाल्याच्या काठानं बोरी-बाभळीचं कुंपन होतं ना, ते ट्रॅक्टरवाल्यानं साफ केलं. काट्याच्या ढिगात एक गुहिरा निघाला. साधा सरडा नाही. झाडावरचा, हिरवा, शेपटीची गुंडाळी करते अन दोन डोळे दोन दिशेले फिरवते तो. लोकांनी लगेच दगडं उचलले. दुर्गाबाई वरडली, "काकी, दूर सरा! याची फुंकर लागली तं मानूस पानी मागत नाही!" म्या म्हटलं, "दुर्गे, तुही सासू वीस वर्ष तुह्यावर फुंकरा मारून राह्यली. मेली काय तू?" सारे हसले, तेवढ्यात मी फांदीसकट त्याले सुपात घेतलं अन घरी आनलं.

मागचा डावा पाय फांदीखाली दबला हाय. अंगनातल्या मोठ्या कुंडीतल्या लिंबावर ठेवला. चांगलं उकळून गाळलेलं पानी पितळेच्या वाटीत ठेवलं, पाहतही नाही. भिजवलेली मुगाची डाळ ठेवली, दहीभात ठेवला, पपई ठेवली. तसाच पडून. सकाळी पाहावं तं कोळशासारखा काळा. त्याचं दुखत असीन काय? अन दुपारी पिवळा पडून तोंड उघडून बसते. भुकेजला असीन म्हणून तोंडात भाताचं शीत टाकायले गेली तं माह्यावरच फुसकला.

पुनीतचं पुण्याहून फोनवर रोजचंच वरडनं चालू हाय. "आई, घर बंद कर, इकडं ये, तुले एकटीले ठेवून मले झोप येत नाही." म्या सांगितलं, याचा पाय बरा होऊ दे, मंग पाहू. आता हा मेला तं माह्या घरात जीव गेल्याचं पाप, अन वरून पुनीतले सांगायले काही उरनार नाही. तू जनावराचं शिकून राह्यली. लवकर लिही.

तुही काकी,
पानाबाई

•

चिखलदरा,
२२ जून २०२५

प्रिय काकी,

हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्यात 'बहुतेक' हा शब्द फारच वेळा आला होता. म्हणून आधी विचारून घेतलं आणि मग लिहायला बसले. आमच्या ट्रेनिंगच्या वैजयंती मॅडमना तुमचं नाव न सांगता विचारलं. नंतर आपण नाव लपवलं याचं वाईट वाटलं, म्हणून संध्याकाळी पुन्हा त्यांच्याकडे जाऊन नाव सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, जीव वाचवला त्यांनी, चोरी नाही केली." पण घरात पाळणं कायद्यानं मना आहे. तिथल्या वनखात्याच्या कार्यालयात कळवा, आणि पाय बरा झाला की तो सापडला तिथं किंवा तिथून जवळच्या झाडीत सोडायचा, असं त्यांनी सांगितलं. कळवाल ना? मला त्याशिवाय चैन पडणार नाही.

आता पाण्याचं. वाटीतलं पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही. झाडावर त्याला वाटी कोण देणार? पानावरून घरंगळणारा, चमकणारा थेंब दिसला की तो जीभ लावतो. तुमचं पाणी गाळायचं कापड ओलं करून लिंबाच्या वरच्या फांदीला बांधा. थेंब हळूहळू पानांवर पडू द्या आणि तुम्ही लांब बसा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

ते कापड लिहिताना मला आठवीतला पहिला दिवस आठवला. बापू तूर विकायला काकाजींच्या दुकानात यायचे. काकाजी म्हणाले, "उकंडराव, पोरीला इथं ठेवा, शाळा जवळ आहे." बापू मला ठेवून गेले आणि मी तहानेनं सरळ मडक्यात तांब्या बुडवला. तुम्ही ओरडला नाहीत. मडक्यातलं सगळं पाणी पुन्हा गाळलं, आणि कापडात राहिलेले जीव परत विहिरीत सोडायला मला पाठवलंत. आमच्या मानोऱ्याकडच्या खेड्यात उन्हाळ्यात पाणी मिळालं हीच मोठी गोष्ट. ते गाळायचं, आणि न दिसणाऱ्या जीवांना घरी पोचवायचं, याचं मला इतकं नवल वाटलं होतं की विहिरीपाशी मी कापडाकडे बराच वेळ बघत बसले होते. काहीच दिसलं नाही. पण सोडताना हात जपून झटकला.

त्याच्या रंगाचं. त्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळी गारठलेला असतो, म्हणून काळा होऊन ऊन पितो. काळी छत्री कशी लवकर तापते, तसं. ते दुखणं नाही. दुपारी फिका पडून तोंड उघडतो ते भुकेनं नाही, उकाड्यानं. कुंडी टिनाच्या पत्र्याखाली असेल तर काढा. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली राहील अशी जागा बघा. अर्धं झाड उन्हात, अर्धं सावलीत असेल तर तो आपली जागा आपण निवडतो. पंखा, कूलर नको. रात्री अंगणातला दिवा नको, त्याला अंधारात झोप लागते. आणि तो विषारी नाही, दुर्गाकाकूंना सांगा.

खाण्याचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तो डाळ-भात खात नाही काकी. जिवंत माश्या, नाकतोडे, एवढंच खातो. तुम्ही ते आणून देणार नाही हे मला माहीत आहे, आणि मी तसं सांगणारही नाही. पण कुंडी कुठं ठेवायची ते तुमच्या हातात आहे.

त्याला सारखं उचलू नका. काय काय करतो ते मला लिहा, अगदी बारीकसारीकही.

तुमची,
साधना

•

रिसोड,
३ जुलै २०२५

साधना बेटा,

प्याला! कापड बांधलं अन मी पायरीवर बसली. आधी एक डोळा कापडाकडं, दुसरा माह्याकडं. मंग पानावरचा थेंब चाटला, मान वर केली, पुन्हा चाटला. घोट उतरताना गळा हलताना दिसते त्याचा. माह्या डोळ्याले पानी आलं. पुनीत लहानपनी तापात होता, तेव्हा त्यानं असंच पहिलं पानी घेतलं होतं.

वनखात्यात कळवलं. मानूस येऊन पाहून गेला. म्हने, "काकी, पाय बरा झाला की नाल्याकडच्या झाडीत सोडा." तुह्या मॅडमचंच बोलला. झालं तुह्या मनाचं समाधान?

खान्याचं तू लिवलं ते वाचून मी पत्र मिटून ठेवलं. दोन दिवस सामायिकात, ध्यानाले बसली तरी तेच डोक्यात. न खाऊ घालावं तं हा मरते, खाऊ घालावं तं ते मरतात. मंग म्या दुर्गाबाईले बोलावलं अन कुंडी ढकलत ढकलत कुंपनभिंतीपाशी नेली. भिंतीपलीकडं तिच्या म्हशी. तिकडं माश्या किती असतात ते तुले माहीत हाय. मी काही कोनाले बोलावलं नाही. माशी आपल्या पायानं आली, हा आपल्या जिभेनं घेते. तो घेते तेव्हा मी तोंड फिरवून बसते. दुर्गाबाई भिंतीवरून पाहते अन मले सांगते, "काकी, आता इकडं पाहा, झालं त्याईचं जेवन!"

त्याचं नाव मुनीमजी ठेवलं. आपल्या दुकानातले भागवतजी मुनीम आठवतात ना? एक पाऊल पुढं टाकायचं, जागीच डोलायचं, पुन्हा मागं घ्यायचं. एक डोळा गिऱ्हाइकावर, एक गल्ल्यावर. हुबेहूब. पुनीतचे बाबूजी, तुहे काकाजी, असते तं पोट धरून हसले असते.

अन एक गंमत सांगते. मुनीमजी मले ओळखायले लागले. मी जवळ गेली की अंग फुगवून दुप्पट होतात, हिरव्यावर काळे ठिपके येतात, तोंड उघडून 'ह्हा' करतात. दुर्गाबाई भिंतीवरून डोकावली तं काही नाही. माह्यासाठीच. भरून येत असीन त्याईले. या घरात माह्या येन्यानं कोनाले भरून यावं, त्याले किती वर्ष झाले.

बिल्लीच्या भीतीनं त्याच्या कंबरेले दुकानातला मऊ गोफ बांधून ठेवला हाय. पाय अजून लंगडते.

तुही काकी

•

चिखलदरा,
११ जुलै २०२५

प्रिय काकी,

मुनीमजींचं वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. खोलीतल्या मुलींना वाटलं घरून आनंदाचं पत्र आलं. मीही तसंच सांगितलं. आमच्या घरात लिहिता येणारी मीच पहिली, त्यामुळे गावाकडून मला पत्र येत नाही. आई फोनवर "जेवली का?" विचारते आणि तेवढ्यात रेंज जाते. इथं सगळ्यांना माहीत आहे की साधनाचं पत्र म्हणजे रिसोडचं.

गोफ काढाच. काकी, हे मी रागानं नाही, काळजीनं लिहिते. तो फुगतो तेव्हा गोफ पोटात रुतत असेल. मांजराची भीती असेल तर कुंडीभोवती बोरीच्या काटक्या खोचा.

पाऊस लागला की रात्री गारवा येईल. सकाळी ऊन नसलं तर तो बराच वेळ काळाच राहील आणि जागचा हलणार नाही. घाबरू नका, ऊन आलं की हळूहळू हिरवा होईल. फक्त कुंडी वाऱ्याच्या झोतात नको. पावसाचे थेंब पानांवर पडतील, तेव्हा कापडाचं काम कमी होईल. विष्ठेत पांढरा भाग असतो तो पांढराच आहे ना? पिवळा, केशरी झाला तर पाणी कमी पडतंय असं समजायचं. असलं लिहायला मला लाज वाटते, पण विचारलं नाही तर झोप येणार नाही.

आणि पायाचं नीट लिहा. त्या पायानं तो फांदी धरतो का? आपण चिमट्यानं पकडतो तशी पकड बसते का? मला फक्त 'लंगडते' यावरून काही कळत नाही.

इथं आम्हाला संध्याकाळी उशिरा जेवायला देतात. पाच वर्षं तुमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची सवय लागली, ती जात नाही. ऊन कलायला लागलं की पाय आपोआप जेवणघराकडे वळतात. शाळा सुटल्यावर मी बाजारातून पळत यायची, तुम्ही दारातून ओरडायच्या, "सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही, पोरी!" आणि काकाजी दुकानातून म्हणायचे, "आज थांबला, जेवू दे तिला." इथं सूर्य दरीत एकदम बुडतो. ओरडणारं कुणी नसतं.

फुगण्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
साधना

•

रिसोड,
२० जुलै २०२५

साधना बेटा,

चौमासं लागलं. म्या नेम घेतला, चार महिने गाव सोडनार नाही. पुनीतले कळवलं. तो म्हनते, "आई, मागच्या वर्षी नेम नव्हता, औंदाच कसा सुचला?" म्या म्हटलं, "मागच्या वर्षी मुनीमजी नव्हते." तो म्हनते, "सरड्यासाठी तू पोराले सोडशीन?" वकील व्हायचं होतं, इंजिनेर झाला.

गोफ काढला. पोटावर एक बारीक रेघ उमटली होती, ती पाहून मलेच कसंसं झालं. तुह्या त्या विचित्र प्रश्नाचं उत्तर, पांढरंच हाय. मी पाहून घेतलं, दुर्गाबाईनंही पाहून घेतलं. आता ती साऱ्या गल्लीत सांगून राह्यली की काकीले पोस्टातून काय काय विचारतात.

पाय काही बरा नाही. लंगडतेच. अजून वेळ लागीन.

पन गोफ होता तेच बरं होतं. गोफ काढल्याबरोबर मुनीमजी लिंबाच्या शेंड्यावरून कपडे वाळवायच्या दोरीवर गेले. दोरीवर! सर्कशीतल्यासारखे डोलत डोलत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेले अन भिंतीवर उतरून नाल्याकडं तोंड करून बसले. म्या फांदी धरून परत आनलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आता दोरीच काढून टाकली. कपडे कुंपनावर वाळतात, ब्लाउज म्हशीच्या गोठ्यात पडतात, पन चालते.

तू फुगन्याचं अजून लिवलं नाहीस. पुनीतले म्या सांगितलं की मुनीमजी मले ओळखतात, मी गेली की फुलतात. तो हसला. म्हनते, "आई, सरड्याले कायचं आलं प्रेम?" म्या म्हटलं, साधनाले विचार, ती सरकारी मानूस हाय. तं तू एक कर. एका कागदावर चांगल्या अक्षरात लिहून दे की हा जीव घरच्या मानसाले ओळखते अन त्याले तोडनं बरं नाही. मी तो कागद पुनीतले दाखवीन. मंग तो पुण्याचं नाव काढनार नाही. तुह्या अक्षराले तो मानते.

वाट पाहून राह्यली.

तुही काकी

•

चिखलदरा,
२९ जुलै २०२५

प्रिय काकी,

तुम्ही मागितला तसा कागद मी लिहिला होता. अक्षर चांगलं आलं होतं. मग वाचून पाहिला आणि फाडला. तुमच्याच घरात शिकलेल्या अक्षरानं तुम्हाला खोटं लिहून देणं मला जमलं नाही. तुम्ही रागवाल, तरी लिहिते.

मुनीमजी फुगतात, काळे ठिपके आणतात, 'ह्हा' करतात, ते आनंदानं नाही. ते भीतीनं. समोरचा आपल्याहून मोठा आहे आणि आपल्याला पळता येत नाही, असं वाटलं की तो आपलं अंग मोठं करून दाखवतो. दुर्गाकाकू भिंतीपलीकडे असतात, त्यांनी त्याला कधी हात लावला नाही, म्हणून त्यांना बघून काही होत नाही. तुम्ही त्याला सुपात घेतलंत, तोंडात शीत घालायला गेलात, कंबरेला गोफ बांधलात, दोरीवरून तीनदा परत आणलंत. हे सगळं तुम्ही मायेनं केलंत. त्याला एवढंच कळलं की ही आली की आपल्याला धरलं जातं.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. तुमचं 'माह्या येन्यानं कोनाले भरून यावं' हे वाक्य मला पाठ झालं आहे. ते खोडणारी मी कोण, असं वाटतं. पण काकी, मी त्याच्या जागी उभी राहिलेली आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पहिला महिनाभर तुमच्यासमोर ताठ उभी राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. तुम्ही दुर्गाकाकूंना सांगायच्या, "पोरगी लय शहानी हाय, आवाज नाही तिचा." मी शहाणी नव्हते. मला तुमची भीती वाटायची. तुमच्या लख्ख भांड्यांची, तुमच्या नेमांची, माझ्या हातून काहीतरी बाटेल याची. तुम्ही जवळ घ्यायला आलात की मी जास्तच आक्रसायची, आणि तुम्हाला वाटायचं पोरगी लाजते. मग एक दिवस तुम्हाला ताप आला आणि तुम्ही मला हाक मारायचं सोडून दिलंत. जेवायला बोलावलं नाहीत, वेणी घालायला बोलावलं नाहीत. दोन-तीन दिवस मी खोलीच्या उंबऱ्यात बसून तुमच्याकडे लांबून बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा तुमचा चेहरा नीट दिसला. आणि मग मी आपण होऊन पाणी गाळून तुमच्या उशाशी आणून ठेवलं. तेव्हापासून मी तुमची.

सरडा असा कधी येणार नाही. तो माणसाचा होत नाही, हे मी तुम्हाला खोटं सांगू शकत नाही. पण त्याला हिरवा बघायचा असेल तर लांबूनच दिसेल.

आणि पाय बरा झालाय काकी. लंगडणारा सरडा कपड्याच्या दोरीवरून या टोकापासून त्या टोकाला जात नाही. तो तीनदा नाल्याकडे तोंड करून बसला. त्याला सोडायला हवं. पुनीतदादांना काय सांगायचं हे मला खरंच सुचत नाही. त्याचं मी खूप मनाला लावून घेतलं आहे.

तुमची,
साधना

•

चिखलदरा,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय काकी,

उत्तर आलं नाही. टपाल पावसानं अडकलं असेल असं मी स्वतःला सांगते, पण बाकीच्या मुलींची पत्रं येतात.

मी ते जास्त कठोर लिहिलं का? तेच जरा हलक्या हातानं लिहिता आलं असतं. वैजयंती मॅडम म्हणाल्या, खरं सांगताना वाक्यं लहान ठेवावीत. मी तर चांगली दोन पानं लिहिली. रागवा, पण दोन ओळी लिहा. तब्येत बरी आहे एवढं तरी. दुर्गाकाकूंच्या हातून लिहून पाठवलंत तरी चालेल. त्यांना लिहिता येत नाही हे मी विसरतेच.

इथं धुकं इतकं असतं की सकाळी कवायतीत पुढच्या मुलीची पाठ दिसत नाही. परवा रानात आम्हाला करवंदीच्या जाळीत एक गुहिरा दिसला. सगळ्या पुढं धावल्या. मी जागची हलले नाही. मला तुमचं अंगण दिसत होतं.

तुमची,
साधना

•

रिसोड,
३१ ऑगस्ट २०२५

साधना बेटा,

या आठवड्यात संवत्सरी झाली. वर्षभरात आपल्याकडून ज्याचं त्याचं मन दुखलं त्याची माफी मागायचा दिवस. दर साली मी पन्नासेक कार्डं पाठवते, तूच पत्ते लिहायची. औंदा पहिलं कार्ड तुलेच लिहायले घेतलं, पन कार्डावर मावेना. म्हणून हे पत्र. मिच्छामि दुक्कडम्, पोरी. तुले उत्तर दिलं नाही, तुही झोप उडवली, त्याची माफी.

खरं सांगते. तुहं पत्र वाचलं अन मले लय राग आला. म्हटलं, हिले अक्षर आमी शिकवलं अन ही आमालेच शिकवते. पत्र डब्याखाली दाबून ठेवलं. पन डोकं ऐकेना. मंग म्या तुले खोटं पाडायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राह्यली. मुनीमजी लिंबावर, हिरवेगार, एकदम नवं पान. डोळे फिरवत बसले. मी बाहेर आली, फुगले, काळे पडले. मागं गेली, पुन्हा हिरवे. वाटलं माह्या पांढऱ्या लुगड्यानं होत असीन. दुर्गाबाईचं लाल लुगडं नेसून गेली. ती भिंतीवरून वरडली, "काकी, आता तं मीच भेली तुमाले!" मुनीमजी काळे ते काळेच.

त्या दिवशी मी पायरीवर बसून लय रडली. सरड्यासाठी नाही. मले वाटत होतं, या घरात अजून कोनाचं तरी माह्याबिगर अडते.

मंग तुहं तापाचं वाचलं, पुन्हा वाचलं. मले तो ताप आठवत होता, पन तू उंबऱ्यात बसून माह्याकडं पाहत होती हे मले कधी माहीतच नव्हतं. मले वाटे, मीच लाड करून करून तुले माह्यी केली.

पुनीत संवत्सरीले आला. गाडीतून दोन मोठ्या रिकाम्या सुटकेसी उतरवल्या, माह्या सामानासाठी. म्या त्या भिंतीले लावून ठेवल्या. प्रतिक्रमन झालं, जमलेल्या साऱ्याईची माफी मागितली. मंग अंगनात आली. सगळ्या जीवांची माफी मागतो म्हनतो आपन, पन ते तोंडानं. ज्याच्या कंबरेले गोफ बांधला त्याच्यासमोर जाऊन कोन मागते? लिंबापासून दोन हात दूर बसली, हात जोडले, म्हटलं, "मुनीमजी, मिच्छामि दुक्कडम्." ते फुगले. बरोबरच हाय. त्याईनं कायले माफ करावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर कुंडी हातगाडीवर ठेवली. पुनीत गाडी ढकलते, दुर्गाबाई पुढं वाट काढते, मी मागं. गल्लीतले पोट्टे वरडले, "काकी, मुनीमजीची वरात निघाली काय?" नाल्याच्या अलीकडचं कुंपन तं साफ झालं, पन पलीकडं बाभळी अजून दाट हायेत. तिथं कुंडी बाभळीले टेकवून ठेवली अन आमी दूर झालो. ते काळेच. दुर्गाबाईले म्हटलं, तू थांब, पुनीतले म्हटलं, तू थांब. मीच एकेक पाऊल मागं सरकली. त्या पळसाच्या खोडापाशी पोचली तेव्हा ते हिरवे झाले. मंग लिंबावरून बाभळीवर हात टाकला, डोलले, दुसरा टाकला. त्या मागच्या पायानं फांदी अशी पकडली की काय सांगू. पुढं पानाआड गेले ते मले दिसलेच नाही.

पुनीत म्हनते, "झालं ना आई आता? चल मंग." त्याचं काही चुकलं नाही, म्याच तसं सांगितलं होतं. मी तिथंच दगडावर बसली. म्हटलं, "पुनीत, मी त्याईच्या पायाचं नाव सांगत होती. त्याईचा पाय कवाच बरा झाला. नेमाचंही नाव सांगितलं. आता माह्या नावानं सांगते. मले इथंच राह्याचं हाय. माह्यी विहीर इथं हाय, माह्यी दुर्गी इथं हाय, अन मले इथं एकटीले भेव वाटत नाही. तुह्या घरी चौदाव्या मजल्यावर वाटते."

त्याचं तोंड पाहून वाटलं, आता हाही फुगते. पन नाही फुगला. माह्याजवळ दगडावर येऊन बसला. मंग म्हनते, "हे पहिलंच सांगितलं असतं तं?" म्या म्हटलं, "पहिले मलेच कुठं सांगता येत होतं!"

दोन दिवस जास्तीचा राह्यला. अंगनात कपड्याची दोरी पुन्हा बांधून दिली. आज सकाळी गेला. सुटकेसीपैकी एकीत मी सुनेसाठी मुगवड्या अन पापड भरून दिले. दुसरी रिकामीच परत गेली.

तुही काकी,
पानाबाई